वऱ्हाडातील काळी-पिवळी

काळी-पिवळी हे वऱ्हाडात भाड्याने चालणाऱ्या सामायिक जीप-टॅक्सीचे रूढ नाव आहे. अंग काळे आणि टप पिवळा, या रंगसंगतीवरून ते पडले. अमरावती व अकोला जिल्ह्यांत, तसेच शेजारच्या बुलढाणा, वाशीम व यवतमाळ जिल्ह्यांत तालुक्याचे गाव, बाजारपेठ, रेल्वे स्थानक आणि आडवाटेची खेडी यांना जोडण्याचे काम ही वाहने करतात. स्वतःचे चारचाकी वाहन नसलेला, किंवा असूनही घाटरस्त्यावर ते चालवू न इच्छिणारा प्रवासी एसटी महामंडळाच्या बसखालोखाल काळी-पिवळीचाच आधार घेतो. हीच गाडी एका कुटुंबाने वा गटाने पूर्णपणे भाड्याने घेतली, तर तिला ‘स्पेशल’ म्हणतात.

काळी-पिवळी म्हणजे बेकायदा वाहतूक, असा समज सुशिक्षित वर्गात पसरलेला आहे. तो सरसकट खरा नाही. परवानाधारक काळी-पिवळी आणि विनापरवाना प्रवासी नेणारी खासगी जीप यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे आणि अपघात झाल्यास त्याचा परिणाम प्रवाशाच्या कुटुंबावर होतो. त्याचे विवेचन पुढे केले आहे.

पूर्वपीठिका

मोटार येण्यापूर्वी वऱ्हाडातील प्रवास बैलगाडीने होत असे. माल वाहण्यासाठी बंडी व खासर, तर माणसांच्या प्रवासासाठी रेंगी आणि दमणी ही हलकी वाहने वापरली जात. लेकीला माहेरी आणणे, वऱ्हाड घेऊन जाणे, यात्रेला निघणे ही कामे दमणीनेच व्हायची. गाडी हाकणाऱ्याला ‘धुरकरी’ म्हणत. घरची दमणी नसलेल्या माणसाने दुसऱ्याची दमणी धुरकऱ्यासह मागून आणावी, हा रिवाज होता. वाहन आणि हाकणारा दोन्ही दुसऱ्याचे, ही कल्पना या प्रदेशाला टॅक्सी येण्याच्या कितीतरी आधीपासून परिचित होती.

१८६० च्या दशकात भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके कापसाच्या व्यापाराची केंद्रे बनली. अमरावती शहर मुख्य मार्गापासून थोडे दूर राहिल्याने बडनेऱ्याहून तेथे शाखामार्ग टाकावा लागला. स्थानकापासून पुढच्या गावी जाण्यासाठी टांगा हे सर्वसाधारण साधन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ हे अरुंदमापी मार्ग आले. लोकांनी त्या गाडीला ‘शकुंतला’ असे लाडके नाव दिले. ती संथ होती, परंतु तिचे भाडे मजुरालाही परवडत असे. अलीकडच्या वर्षांत ती बंद पडली. अकोला-खांडवा हा मीटरगेज मार्गही रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये थांबला. त्यातील अकोला ते अकोट हा भाग २०२२ मध्ये ब्रॉडगेज होऊन पुन्हा सुरू झाला. मेळघाटातून जाणारा पुढचा भाग मात्र वनक्षेत्राच्या प्रश्नामुळे रखडला. या दोन मार्गांवरील खेड्यांचा प्रवास रस्त्यावर आला आणि जेथे बस पुरेशी नव्हती तेथे तो जीपकडे वळला.

एसटीचा इतिहास सांगताना १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या बसचा उल्लेख हमखास होतो. त्या वेळी वऱ्हाड मुंबई प्रांतात नव्हता, तर मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता, हे विद्यार्थी बहुधा विसरतात. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. गावोगाव लाल गाडी पोहोचली ती त्यानंतर. तरीही फेऱ्यांची संख्या आणि गावांची संख्या यांचा मेळ कधीच पुरता बसला नाही. दिवसातून दोनदा बस येणाऱ्या गावच्या माणसाला दुपारी दवाखान्यात जायचे झाले, तर बस असून नसल्यासारखीच. ही फट जीपने भरली.

नाव आणि बोली

काळा-पिवळा रंग मुंबईच्या टॅक्सीमुळे महाराष्ट्रभर परिचित झाला. मुंबईत मात्र त्या रंगाची प्रीमिअर पद्मिनी ही लहान मोटार होती. तिची अखेरची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली. वऱ्हाडात तोच रंग जीपवर चढला. महिंद्रा कमांडर, ट्रॅक्स, टाटा सुमो ही वाहने या व्यवसायात विशेष रुळली. सुमो या नावाचा जपानी कुस्तीशी संबंध जोडला जातो; प्रत्यक्षात टाटा समूहातील अभियंते सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून ते सिद्ध झाले आहे.

वऱ्हाडी बोलीत या व्यवसायाची स्वतंत्र शब्दसंपत्ती आहे. प्रवाशाला ‘सवारी’ म्हणतात. ‘शीट’ हा शब्द आसन आणि त्यावर बसणारा माणूस या दोघांनाही लागू होतो. त्यामुळे ‘दोन शीटा कमी आहेत’ या वाक्याचा अर्थ गाडीत आसने कमी आहेत असा नसून दोन माणसे यायची आहेत असा होतो. गाड्या ज्या क्रमाने भरल्या जातात त्या क्रमाला ‘नंबर’ म्हणतात. हमरस्त्यावरून गावाचा रस्ता जेथे फुटतो ती जागा म्हणजे ‘फाटा’, आणि काळी-पिवळीचे बहुतेक थांबे अशा फाट्यांवरच असतात. तीनचाकी प्रवासी वाहनाला येथे ‘ऑटो’ म्हणतात; ‘रिक्षा’ म्हटल्यास जुन्या पिढीला अजूनही पायाने ओढायची सायकलरिक्षा आठवते.

पश्चिम महाराष्ट्रात याच प्रकारच्या वाहतुकीला ‘वडाप’ हा शब्द आहे. सातारा-सांगलीकडचा माणूस वऱ्हाडात येऊन ‘वडाप कोठे मिळेल’ असे विचारू लागला, तर त्याला उत्तर मिळणे कठीण.

प्रवासाची रीत

काळी-पिवळीला वेळापत्रक नसते. गाडी भरली की सुटते. पहिला आलेला प्रवासी सर्वाधिक वेळ थांबतो आणि शेवटी आलेला लगेच निघतो. बसण्याची जागा निवडण्याचा अधिकार मात्र पहिल्याला मिळतो. पुढील आसन, म्हणजे चालकाशेजारची जागा, मानाची समजली जाते. ती बहुधा वृद्धांना किंवा लहान मूल घेतलेल्या बाईला दिली जाते. मागील समोरासमोरच्या बाकांवर पाय आणि पिशव्या यांची तडजोड करावी लागते. भाडे ठरलेले असते आणि नेहमीच्या सवाऱ्यांना ते ठाऊक असते; नवख्याने गाडीत बसण्यापूर्वी शेजारच्या प्रवाशाला विचारून घेणे श्रेयस्कर, कारण चालकाला विचारण्यापेक्षा ते अधिक बिनचूक ठरते.

एसटी स्थानकापासून २०० मीटरच्या परिसरात खासगी प्रवासी वाहनांना उभे राहण्यास मनाई आहे. म्हणून काळी-पिवळीचा अड्डा बसस्थानकाच्या जवळ, पण थोडा आडबाजूला सापडतो. आठवडी बाजाराच्या दिवशी अड्ड्याचे स्वरूप बदलते. सकाळी माणसे व भाजीच्या टोपल्या शहराकडे येतात, संध्याकाळी तीच माणसे किराणा, खताची पोती आणि कधी एखादी शेळी घेऊन परततात. सामानाचे भाडे हा स्वतंत्र बोलणीचा विषय असतो.

दुसरी पद्धत ‘स्पेशल’ची. गाडी एका दिवसासाठी वा एका फेरीसाठी ठरवली जाते. दर किलोमीटरवर आकारला जातो, परंतु दिवसाला किमान किती किलोमीटरचे पैसे द्यायचे हे आधी ठरते. कमी अंतर गेले तरी तेवढे द्यावे लागतात. मुक्काम असल्यास चालकाचा भत्ता, तसेच पथकर आणि वाहनतळाचे शुल्क वेगळे असते. एकाच दिशेने जायचे असले तरी परतीचे रिकामे अंतर भाड्यात धरले जाते, आणि याच मुद्द्यावर सर्वाधिक वाद होतात. शेगाव, मुक्तागिरी, बहिरम, रिद्धपूर, गुरुकुंज मोझरी या ठिकाणी सहकुटुंब जाणारे लोक बहुधा हा मार्ग पत्करतात. लग्नसराईत स्पेशल गाडी मिळणे अवघड होते.

स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मोटार घेण्याची प्रथा वऱ्हाडात रुजली नाही. केंद्र शासनाच्या १९८९ च्या भाडेमोटार योजनेत अशा व्यवसायासाठी किमान ५० मोटारींची अट घातली गेली होती. एवढा ताफा लहान शहरातील व्यावसायिकाला पेलणारा नव्हता. शिवाय वाहनाचा मालक आपली जीप अनोळखी माणसाच्या हाती देण्यास राजी नसतो. त्यामुळे गाडी म्हटली की ड्रायव्हर तिच्यासोबत आलाच.

मेळघाट

काळी-पिवळीची खरी गरज सातपुड्याच्या पायथ्याशी कळते. अमरावतीहून वलगाव, आसेगाव मार्गे परतवाडा सुमारे ५० किलोमीटर आहे. येथपर्यंतचा रस्ता सपाट असून बसही मुबलक आहेत. परतवाड्यापासून पुढे डोंगर लागतो. एक वाट धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला चढते, दुसरी सेमाडोह, हरिसाल या गावांवरून धारणीकडे जाते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. पावसाळ्यात घाटात धुके उतरते तेव्हा काही मीटरांपलीकडचे वळण दिसत नाही. सपाट मुलखात वर्षानुवर्षे गाडी चालवलेला माणूस येथे गोंधळतो. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवतो, खालच्या गिअरचा उपयोग करत नाही आणि ब्रेक तापतात. अशा रस्त्यावर गाडी रोज चढवणाऱ्या स्थानिक चालकाच्या हाती चाक देणे हा काटकसरीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे. वळणावर भोंगा वाजवावा, चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, रात्री वन्यप्राणी रस्त्यावर आल्यास दिवे मंद करून थांबावे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. प्रत्यक्ष वनभ्रमंतीसाठी नोंदणीकृत जिप्सी व वाटाड्या घ्यावा लागतो. परतवाड्याहून ठरवलेली काळी-पिवळी पर्यटकाला वनखात्याच्या प्रवेशद्वारापर्यंत नेते.

पर्यटक हा या मार्गावरील लहान भाग झाला. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू समाजासाठी जीप ही बाजार, शाळा, कचेरी आणि रुग्णालय यांची वाट आहे. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. मजुरीसाठी बाहेरगावी गेलेली कुटुंबे होळीपूर्वी घरी परततात, आणि त्या दिवसांत परतवाडा व धारणी येथील अड्ड्यांवर पाय ठेवायला जागा नसते. शासनाची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. मोबाइलचा संकेत न पोहोचणाऱ्या पाड्यात मात्र अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला माणूस आजही जवळच्या जीपवाल्याला उठवून नेला जातो. गंभीर रुग्णाला पुढे अमरावतीला आणावे लागते. तेथील जिल्हा रुग्णालयाला लोक ‘इर्विन’ आणि स्त्री रुग्णालयाला ‘डफरीन’ म्हणतात. ही दोन इंग्रजी नावे मेळघाटातील प्रत्येक चालकाला पाठ असतात.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे प्रवासी वाहतुकीचे दोन प्रमुख प्रकार आहेत. टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेत-सोडत, प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेत चालणारे वाहन म्हणजे टप्पा वाहन; एसटी हे त्याचे उदाहरण. संपूर्ण वाहन एका करारावर भाड्याने दिले जाते ते कंत्राटी वाहन. या व्याख्येनुसार पाहिले तर प्रत्येक सवारीकडून वेगळे पैसे घेणारी जीप नियमबाह्य ठरावी. परंतु कायद्यानेच येथे अपवाद केला आहे. चालक वगळून ६ पर्यंत प्रवासी नेणारी मोटारकॅब आणि ६ हून अधिक परंतु १२ पर्यंत प्रवासी नेणारी मॅक्सीकॅब यांनी प्रत्येक प्रवाशाकडून स्वतंत्र भाडे घेतले, तरी त्या कंत्राटी वाहनच मानल्या जातात. म्हणजे परवाना असलेल्या काळी-पिवळीने माणशी भाडे घेणे हा गुन्हा नव्हे. मुभा येथे संपते. बसप्रमाणे वाटेत कोणालाही उचलावे आणि उतरवावे, यासाठी ती दिलेली नाही. व्यवहारात मात्र फाट्याफाट्यावर तेच घडते, आणि महामंडळ व जीपचालक यांच्यातील जुन्या तंट्याचे मूळ तेथे आहे.

परवाना असलेले वाहन ओळखण्याची सोपी खूण म्हणजे क्रमांकाची पाटी. भाड्याच्या वाहनाची पाटी पिवळी व तिच्यावरील अक्षरे काळी असतात; खासगी वाहनाची पाटी पांढरी असते. अमरावतीच्या वाहनांचा क्रमांक एमएच २७ ने व अकोल्याच्या वाहनांचा एमएच ३० ने सुरू होतो. भाड्याच्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण फिटनेस म्हणतात, ठरावीक मुदतीने नव्याने घ्यावे लागते. चालक परवान्याविषयी दीर्घकाळ संभ्रम होता. हलके वाहन चालवण्याचा परवाना असणाऱ्यास ७,५०० किलोपर्यंतचे भाड्याचे वाहनही त्याच परवान्यावर चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

पांढऱ्या पाटीच्या जीपमधून पैसे देऊन प्रवास करणाऱ्याची स्थिती निराळी आहे. खासगी वाहनाच्या विम्यात भाड्याने वापर वगळलेला असतो. अपघात झाल्यास विमा कंपनी याच मुद्द्यावर जबाबदारी नाकारू पाहते आणि मृताच्या वारसांना वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सुटलेले १०-२० रुपये आणि वाचलेला अर्धा तास यांच्या तुलनेत ही जोखीम फार मोठी आहे. गाडीत बसण्यापूर्वी पाटीचा रंग पाहावा, एवढे तरी प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे.

पिवळी पाटी असूनही प्रश्न उरतो तो जादा सवाऱ्यांचा. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीपेक्षा अधिक असलेल्या प्रत्येक प्रवाशामागे २०० रुपये दंड ठरवला. दंडापेक्षा महत्त्वाचा आहे तो विम्याचा भाग. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अंजना श्याम प्रकरणात असा निकाल दिला की, वाहनात कितीही माणसे असली तरी विमा कंपनीची जबाबदारी परवानगी असलेल्या प्रवासीसंख्येपुरतीच राहते. त्या संख्येइतक्या सर्वाधिक रकमेच्या दाव्यांची बेरीज कंपनीने भरावी आणि ती सर्व दावेदारांत प्रमाणशीर वाटली जावी. उरलेले वाहनमालकाकडून वसूल करावे. उदाहरण घेऊ. ९ आसनांच्या जीपमध्ये १५ जण बसले आणि प्रत्येकाला समान भरपाई मंजूर झाली, तर विम्याकडून प्रत्येकाच्या वाट्याला मंजूर रकमेच्या १५ पैकी ९ भाग, म्हणजे ६० टक्के येतील. बाकीचे ४० टक्के ज्याच्याकडून मागायचे, त्या मालकाची संपत्ती अनेकदा ती मोडलेली जीपच असते. म्हणून दहाव्या सवारीला गाडीत जागा करून देणारा प्रवासी नकळत आपल्याच वारसांचा हिस्सा कमी करत असतो.

चालकाची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. कर्जाचा हप्ता, डिझेल, विम्याचा हप्ता आणि कर भागवून त्याच्या हाती जे उरते, ते शेवटच्या दोन-तीन सवाऱ्यांतून उरते. नंबर लागण्यासाठी अर्धा दिवस थांबल्यावर तो भरल्या गाडीतही आणखी एकाला हाक मारतो, त्यामागे हा हिशेब असतो.

अलीकडील काळ

मार्च २०२० मधील टाळेबंदीने हा व्यवसाय एकाएकी थांबला. पुढे टॅक्सीला चालकाव्यतिरिक्त केवळ २ प्रवाशांची मुभा मिळाली. भरल्याशिवाय न सुटणाऱ्या गाडीला ती अर्थहीन होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती शहर व अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य शासनाने खासगी वाहनांना प्रवासी नेण्याची तात्पुरती परवानगी दिली. ज्या जीपना एरवी स्थानकापासून दूर पिटाळले जाई, त्या प्रवाशांचा आधार ठरल्या. संपकाळात काही मार्गांवर भाडे वाढल्याने प्रवाशांत नाराजीही होती.

संपानंतर वारे फिरले. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला आणि मार्च २०२३ मध्ये सर्व महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत मिळाली. बाजाराला, माहेरी आणि दवाखान्यात जाणाऱ्या स्त्रिया हा काळी-पिवळीचा मोठा प्रवासीवर्ग होता. त्यातील बराच भाग बसकडे वळला. शाळकरी मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसगाड्या आधीपासूनच होत्या. दुसरीकडे घरोघरी दुचाकी आली.

रस्तेही बदलले. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग अनेक वर्षे खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी काँक्रीटने बांधली गेली आणि तिची गिनेस विक्रमात नोंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाल्याने अमरावतीत स्पेशल गाड्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले. जुन्या जीपची जागा आता काही मार्गांवर टाटा मॅजिकसारखी लहान वाहने घेत आहेत. त्यांतील अनेकांना काळा-पिवळा रंग नसतो, तरी लोक त्यांनाही काळी-पिवळीच म्हणतात.

इतर प्रदेशांतील समान पद्धती

ठरलेल्या मार्गावर माणशी भाड्याने धावणारी टॅक्सी जगाच्या अनेक भागांत आढळते. गोव्यातील ‘पायलट’ ही मोटारसायकल-टॅक्सी आहे. तिच्या काळ्या गाडीला पिवळे मडगार्ड असते. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद येथे अशा वाहनांना ‘मॅक्सी-टॅक्सी’ म्हणतात. गाडीच्या अंगावरील रंगीत पट्टा तिचा विभाग सांगतो: पोर्ट ऑफ स्पेनच्या परिसरात पिवळा, पूर्वेकडे तांबडा, मध्य व दक्षिण भागात हिरवा. जमैकामध्ये मार्ग-टॅक्सीची पाटी तांबडी असते आणि बार्बाडोसमध्ये अशा व्हॅन त्यांच्या क्रमांकातील ‘झेडआर’ या अक्षरांवरूनच ओळखल्या जातात. या तिन्ही बेटांवर भारताप्रमाणेच डाव्या बाजूने वाहने चालतात. तेथेही गाडी भरल्यावाचून सुटत नाही, अशी पाहुण्यांची तक्रार असते, आणि पाटी पाहून गाडीत बसावे, असा सल्ला त्यांना दिला जातो.